किरकोळ म्हणून सोडलेले मीटर

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे सांगायला दोन शब्द पुरतात: घाटावरचा की घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्हा असा मधोमध कापला आहे. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा; खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे, तर पूर्णाकाठचा मुलूख तीनशेच्या आत. राजूर घाट उतरणाऱ्या माणसाला हा फरक उकाड्यावरून जाणवतो. पंपाला तो वेगळ्याच कारणाने जाणवतो. ते कारण पुढे येईल.

पाणी उचलण्याच्या तऱ्हाही दोन. घाटावर काळा पाषाण, रुंद तोंडाच्या विहिरी, २०१६ पासूनच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने भर घातलेली तळी, आणि देऊळगाव राजा–सिंदखेड राजा पट्ट्यात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी उभी राहिलेली शेडनेट. इथल्या बहुतेक मोटारींना पाणी फार लांब न्यायचे नसते: विहिरीतून बांधावर, तळ्यातून शेजारच्या वावरात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तिथले भूजल खारट, मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार जुनी, म्हणून पिण्याचे गोडे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या वाण धरणातून आणायचे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठीची १४० गावांची पाणीपुरवठा योजना त्यातूनच निघाली. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर उभा राहणारा जिगाव प्रकल्पही बहुतांशी उपसा सिंचनाचा. तिथे जलवाहिनी किलोमीटरमध्ये मोजली जाते.

तीस मीटरची लाइन आणि दहा किलोमीटरची लाइन, दोन्हींसाठी पंप निवडताना गणित एकच असते, पण त्या गणितातला एक भाग पहिल्या ठिकाणी सगळ्यांवर कुरघोडी करतो आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ गायब होतो. तो भाग म्हणजे फिटिंगमध्ये वाया जाणारे हेड, अर्थात पाणी उचलण्याची मीटरमध्ये मोजलेली ताकद. हे पुस्तक त्या भागाविषयी आहे.

मोटार घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला दुकानदार दोन गोष्टी हमखास विचारतो: पाणी किती खोल आणि लाइन किती लांब. दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. खोलीवरून आणि वावराच्या चढावरून पाणी प्रत्यक्ष किती मीटर उचलायचे ते कळते, लांबीवरून पाइपातल्या घर्षणाचा अंदाज येतो. मग त्याच गल्ल्यावर एक फूट व्हॉल्व्ह (वावरात त्याला सर्रास ‘फुटबॉल’च म्हणतात), पाच-सहा एल्बो, एखादी टी, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एक गेट व्हॉल्व्ह, रिड्यूसर, दोन-चार निपल असा माल पिशवीत भरला जातो. त्याची किंमत बिलात येते. त्याने खाल्लेले हेड कुठेच येत नाही. गावच्या नळयोजनेच्या अंदाजपत्रकातही त्याच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते: ‘घर्षणाच्या दहा टक्के’.

या दहा टक्क्यांना वाईट म्हणायचे कारण नाही. लांब जलवाहिनीत तो हिशेब सुरक्षित बाजूला पडतो. अडचण एवढीच की ती टक्केवारी कुठे लागू करायची आणि कुठे नाही, हे तिच्यासोबत कोणी सांगत नाही.

पाणी सरळ पाइपातून जाते तेव्हा भिंतीशी घासत जाते आणि थोडी थोडी ऊर्जा गमावते. ही घट लांबीच्या प्रमाणात वाढते. काटकोनाच्या एल्बोत शिरल्यावर मात्र काही वेगळेच घडते. पाण्याला एकदम वळता येत नाही. ते बाहेरच्या भिंतीकडे ढकलले जाते, आतल्या कोपऱ्यापाशी भिंत सोडते आणि तिथे भोवरे उठतात. भोवऱ्यांना लागणारी ऊर्जा पंपानेच दिलेली असते, ती परत मिळत नाही. शिवाय एल्बो ओलांडल्यावरही प्रवाह लगेच पूर्ववत होत नाही. पुढची बरीच लांबी तो हेलकावे खात जातो. म्हणजे एल्बो हातभर असला तरी त्याचे नुकसान त्याच्या पुढच्या सरळ पाइपात मोजावे लागते. प्रयोगशाळेत तसेच मोजतात.

हे नुकसान पाण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगाचा वर्ग काढायचा, त्याला गुरुत्व त्वरणाच्या दुपटीने भागायचे, की ‘वेगाचे हेड’ मीटरमध्ये मिळते. प्रत्येक फिटिंगला एक आकडा चिकटवलेला असतो, इंग्रजी पुस्तकांत तो ‘के’ या अक्षराने येतो. के गुणिले वेगाचे हेड, एवढेच सूत्र. टोकदार कडेच्या पाइपात पाणी शिरताना के अर्धा धरतात, कडा गोलसर केली तर तो जवळजवळ शून्यावर येतो, आणि पाइपाचे तोंड पाण्यात आत घुसलेले असेल तर पाऊण-एकच्या आसपास जातो. पाइपातून पाणी हौदात पडते तिथे के नेमका एक: उरलेला सगळा वेग हौदात जिरतो.

ही मांडणी एका माणसाची नाही. अचानक रुंद होणाऱ्या नळीतल्या घटीचा हिशेब फ्रेंच नौदल अभियंता ज्यां-शार्ल बोर्दा याने १७६६ मध्ये मांडला, आणि आजही तो तसाच शिकवला जातो. के हा आकडा आज ज्या रूपात वापरतात, त्याला जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाण अकादमीतील प्राध्यापक युलियुस वाइसबाख याने १८४५ च्या सुमारास घडवले. पाइपातल्या घर्षणावरचे मोठे प्रयोग फ्रान्समधल्या दिजों शहराला १८४० मध्ये नळाचे पाणी आणणाऱ्या आँरी दार्सीचे, ते १८५७ मध्ये छापले गेले. फिटिंगची खरी मोजणी अमेरिकेत जॉन फ्रीमन याने न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ गावी १८९२ च्या उन्हाळ्यात केली. गंमत अशी की ते आकडे पुस्तकरूपाने आले ते १९४१ साली. तोवर जगभरच्या अभियंत्यांनी अंदाजावर हजारो मैल पाइप टाकून झाले होते. पाठोपाठ १९४२ मध्ये क्रेन या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीने आपली ४१० क्रमांकाची तांत्रिक पुस्तिका काढली, आणि डिझाइनरच्या टेबलावर आज जे तक्ते असतात त्यांतले बरेचसे तिच्यापासून आलेले आहेत.

क्रेनच्या पद्धतीत एक सोय आहे. प्रत्येक फिटिंग म्हणजे त्याच व्यासाच्या किती लांब सरळ पाइपाएवढे, हे व्यासाच्या पटीत सांगतात. साधा काटकोनी एल्बो म्हणजे ३० व्यास. पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह फक्त ८. टीमधून पाणी बाजूला वळले तर ६०. झडप झुलणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह १००. ग्लोब व्हॉल्व्ह ३४०. फूट व्हॉल्व्हच्या दोन जाती: बिजागरीची झडप असलेला ७५, आणि वरखाली उचलल्या जाणाऱ्या झडपेचा ४२०. विहिरीच्या तळाशी, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी असलेला हा तुकडा एकटाच चौदा एल्बोंना भारी पडू शकतो. जाळीत शेवाळ आणि पाचोळा अडकला की आणखी.

आता आकडे घालून पाहणे बरे. घाटावरची एक नेहमीची मांडणी धरू: सेकंदाला ६ लिटर पाणी, आतून ७० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप. पाण्याचा वेग सेकंदाला साधारण १.५६ मीटर येतो, वेगाचे हेड ०.१२ मीटर. हेझन-विल्यम्सच्या सूत्राने सरळ पाइपातली घट शंभर मीटरला सुमारे ३.४ मीटर. फिटिंगमध्ये उचल झडपेचा एक फूट व्हॉल्व्ह, सहा एल्बो, एक नॉन-रिटर्न, एक गेट व्हॉल्व्ह, एक टी आणि शेवटी पाणी बाहेर पडण्याची जागा. व्यासांच्या पटींवरून काढलेले सगळ्यांचे के मिळून पंधराच्या थोडे खाली भरतात, म्हणजे घट सुमारे १.८४ मीटर. दुसऱ्या शब्दांत, या पिशवीभर मालाने लाइनीत न दिसणारे ५४ मीटर पाइप जोडले.

लाइन ३०० मीटर असेल तर पाइपातली घट १०.३ मीटर, आणि फिटिंगचा वाटा तिच्या १८ टक्के. दहा टक्क्यांचा नियम इथेच तोकडा पडला. लाइन ३० मीटरची असेल, तळ्यातून शेजारच्या वावरात जाणारी, तर पाइपात फक्त एक मीटर जाते आणि फिटिंगमध्ये जवळपास दुप्पट. दहा टक्क्यांचा हिशेब खरा ठरायला ही लाइन ५४० मीटर लांब हवी. एक किलोमीटरला फिटिंगचा वाटा पाच टक्क्यांवर येतो.

हीच मांडणी थोडी बदलली, फूट व्हॉल्व्ह बिजागरीचा घेतला आणि एल्बोंऐवजी मोठ्या वळणाचे बेंड लावले, तर घट १.८४ वरून ०.८८ मीटरवर येते. मोटार तीच, पाइप तोच.

घाटाखालच्या मोठ्या जलवाहिन्यांकडे वळले की चित्र पालटते. ५०० मिलिमीटर व्यासाची दहा किलोमीटर लाइन घेतली तर लांबी वीस हजार व्यासांची होते. वाटेत वीस काटकोनी बेंड आले तरी ते सहाशे व्यास, म्हणजे तीन टक्के. प्रत्यक्षात मोठ्या लाइनीची वळणे काटकोनी नसतात, ती २२ किंवा ४५ अंशांची असतात, त्यामुळे वाटा आणखी घटतो. इथे एकेका बेंडचा के शोधत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय. पाइपाच्या आतल्या खरबरीतपणाचा अंदाज पाच टक्क्यांनी चुकला तर तो सगळ्या फिटिंगच्या बेरजेपेक्षा मोठा निघतो. अशा ठिकाणी डोके लावायचे ते पाइपाच्या वयावर, गंजावर आणि बसलेल्या क्षारांवर.

मात्र त्याच योजनेचे पंपघर हा वेगळा प्रांत आहे. सक्शन, रिड्यूसर, पंप, नॉन-रिटर्न, स्लुइस किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, मग सामाईक हेडरला जोडणारी टी, हे सगळे दहा-पंधरा मीटरच्या आत, तेही मुख्य लाइनीपेक्षा लहान व्यासात आणि म्हणून जास्त वेगात. चांगला डिझाइनर पंपघरातली घट वेगळी मोजतो आणि बाहेरच्या लाइनीला टक्केवारी लावतो. दोन्हींना एकच टक्केवारी लावणाऱ्याचे पंप सुरुवातीच्या वर्षांत ठीक चालतात. पाइप जुने होऊन राखीव हेड संपले की चूक दिसू लागते.

आता उंचीचे ते राहिलेले कारण.

विहिरीच्या काठावर ठेवलेला मोनोब्लॉक पंप पाणी ‘ओढतो’ असे म्हटले जाते, पण पाण्याला वर ढकलते ती हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याच्या १०.३ मीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. शेगावच्या उंचीवर तो सुमारे १० मीटर उरतो, बुलढाण्याला ९.६ च्या आतबाहेर. त्यातून तीस अंश तापमानाच्या पाण्याचा बाष्पदाब, सुमारे ०.४ मीटर, वजा होतो. पंपाला आत शिरतानाच्या तोंडाशी काही हेड शिल्लक लागते, समजा ३ मीटर. घाटावर हाताशी उरले साधारण ६.१ मीटर, घाटाखाली ६.६. सक्शनमधली सगळी घट या एवढ्याशा शिलकीतून जायची असते. वरच्या उदाहरणातला उचल झडपेचा फूट व्हॉल्व्ह त्यातले ०.९४ मीटर खातो, एल्बो आणि पाइप मिळून आणखी पाव-अर्धा मीटर, सुरक्षिततेसाठी अर्धा मीटर हातचा ठेवला तर घाटावरच्या त्या पंपाखाली पाणी ४.४ मीटरपेक्षा खोल जाऊन चालत नाही. बिजागरीच्या व्हॉल्व्हने ही मर्यादा सव्वापाच मीटरच्या जवळ जाते.

पाऊण मीटरने काय होते? एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी रोज थोडे खाली सरकत असताना पाऊण मीटर म्हणजे पंप विहिरीतल्या टप्प्यावर उतरवायचा की आहे तिथेच ठेवायचा, याचा निकाल. मर्यादा ओलांडली की पंपात वाळू खुळखुळल्यासारखा आवाज येतो, पाणी तुटते, आणि पात्यांवर बारीक खड्डे पडू लागतात. मेकॅनिक इंपेलर बदलतो, व्हॉल्व्ह तोच राहतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. डिलिव्हरीच्या बाजूला वाया गेलेल्या मीटरची किंमत फक्त कमी पाण्यात मोजली जाते. सक्शनच्या बाजूची किंमत पंपाच्या आयुष्यातही मोजावी लागते. त्यामुळे पुढच्या पानांत सक्शनला जरा जास्तच जागा दिली आहे, आणि ती योग्य आहे. पाणबुडी मोटारीला हा त्रास नाही, तिच्या डोक्यावरच्या नॉन-रिटर्नची आणि कॉलम पाइपाची घट मात्र तिलाही चुकत नाही.

सक्शनचा पाइप बारीक टाकण्याची चूक इथे खास नोंदवायला हवी, कारण ती पैसे वाचवण्याच्या नादात होते. सेकंदाला तेच ६ लिटर पाणी ७० ऐवजी ५३ मिलिमीटरच्या आतल्या व्यासातून ओढले तर वेगाचे हेड तिपटीने वाढते. उचल झडपेचा तोच व्हॉल्व्ह आता एकटा तीन मीटर मागतो. तक्त्यातला के बरोबर असूनही पुष्कळ जण इथे फसतात: के गुणायचा तो त्या फिटिंगमधल्या वेगाने, पुढच्या रुंद पाइपातल्या वेगाने नाही. रिड्यूसर असेल तिथे हा प्रश्न हटकून येतो.

तक्त्यांवर किती विसंबायचे, हाही प्रश्न आहेच. आट्यांचा एक इंची एल्बो दीडच्या के पर्यंत जातो, आट्यांचाच चार इंची ०.६४ वर येतो, आणि फ्लँजचा चार इंची ०.३ वर. तिन्ही ‘काटकोनी एल्बो’च. एका तक्त्यातला आकडा दुसऱ्यात शोधला तर फरक पडणारच. आतला गुळगुळीतपणा, वळणाची त्रिज्या, कापताना आत राहिलेली कड, सगळ्याचा त्यात हात असतो. वावरात तर पीव्हीसी पाइप जाळावर धरून गुडघ्याने वाकवला जातो. बेंडचे पैसे वाचतात, पण वळणावर पाइप चपटा होतो आणि त्या चपट्या भागाचा के कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. व्यास आणि प्रवाहाच्या स्वरूपानुसार के बदलतो हे ध्यानात घेऊन विल्यम हूपर याने १९८१ मध्ये एका आकड्याऐवजी दोन आकड्यांची पद्धत सुचवली. पुढे रॉन डार्बी याने ती तीन आकड्यांवर नेली. रासायनिक कारखान्यात दाट द्रव वाहतो तिथे त्यांची गरज पडते. विहिरीच्या पाण्यासाठी क्रेनचा तक्ता पुरतो, फक्त उत्तर दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत लिहून स्वतःची फसवणूक करून घेऊ नये.

व्हॉल्व्हबद्दल एक गोष्ट वारंवार विसरली जाते. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना के ०.१५, पावभर मिटला तर ०.२६, अर्धा मिटला तर २.१, आणि पाऊण मिटला की एकदम १७. म्हणजे पहिल्या फेऱ्यांत काहीच होत नाही आणि शेवटच्या फेऱ्यांत सगळे होते. गावच्या टाकीवर पाणी सोडणारा माणूस हे अनुभवाने जाणतो. कागदावर योजना करणारा ते बऱ्याचदा ‘व्हॉल्व्ह १ नग’ एवढ्यावर निभावून नेतो. चढउताराच्या लाइनीत उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह नसेल तर अडकलेली हवा अशाच अर्ध्या मिटलेल्या व्हॉल्व्हचे काम करते, आणि तिचा हिशेब कोणत्याच नकाशात नसतो.

भारतात या विषयाकडे गंभीरपणे पाहिले गेले ते ऊर्जेच्या निमित्ताने. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने डिझेल इंजिनांवरचे फूट व्हॉल्व्ह बदलण्याचा प्रचार केला. अहमदाबादच्या सहकारी व्यवस्थापन संस्थेतील एस. एम. पटेल यांनी गुजरातेत शेतकऱ्यांच्या चालू पंपांवर काम करून दाखवले की जास्त विरोधाचा फूट व्हॉल्व्ह आणि गंजका लोखंडी पाइप बदलला तर, पंपाला हात न लावताही, विजेची लक्षणीय बचत होते. भारतीय मानक ब्युरोचे १०८०५ क्रमांकाचे मानक १९८६ चे. ते शेतीपंपांच्या सक्शन लाइनीतल्या फूट व्हॉल्व्ह आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसाठी आहे. मानक आहे, माहिती आहे, तरी गल्ल्यावर सगळ्यात स्वस्त व्हॉल्व्हच पुढे सरकवला जातो.

महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल सरकार भरते. मग शेतकऱ्याने मीटरभर हेडची फिकीर का करावी? वरच्या उदाहरणात वाचलेले जवळपास एक मीटर म्हणजे मोटार आणि पंपाची एकत्रित कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर सव्वाशे वॅटच्या आसपास, आठ तासांत एक युनिट. बिलच येत नसेल तर या युनिटचे कौतुक कोणाला? पण शेतीची वीज ठरलेल्या तासांचीच मिळते. हेड वाढले की पंप पाणी कमी देतो, आणि त्या तासांत भिजायचे राहिलेले सरीवाफे शेतकऱ्यालाच दिसतात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतल्या तीन, पाच आणि साडेसात अश्वशक्तीच्या पंपांना तर उन्हाएवढीच ताकद. सकाळी आणि दुपार कलल्यावर ती कमी पडते तेव्हा हेडचा प्रत्येक अनावश्यक मीटर पाणी सुरू होण्याची वेळ पुढे ढकलतो आणि बंद होण्याची वेळ अलीकडे आणतो.

देऊळगाव राजाच्या शेडनेटमध्ये या विषयाचे सर्वांत दाट उदाहरण सापडते. तळे पन्नास पावलांवर, लाइन जेमतेम, आणि मध्ये वाळूची गाळणी, जाळीची गाळणी, खत सोडायचा व्हेंचुरी, प्रत्येक वाफ्याचा कॉक, सबमेनच्या टी आणि टेकऑफ. सरळ पाइपातली घट इथे बेरजेत शोधावी लागते. स्वच्छ गाळणी एक-दोन मीटर खाते, गाळाने भरली की त्याच्या दुपटी-तिपटीने. व्हेंचुरीला तर दाबातला मोठा फरक असल्याशिवाय खत ओढताच येत नाही. पंप निवडताना गाळणीचा स्वच्छ आकडा घेतला तर पहिल्या आठवड्यातच शेवटच्या नळीतले ड्रिपर मंदावतात आणि दोष मोटारीला लागतो.

हिशेब बरोबर आला की नाही, ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दोनशे लिटरचा ड्रम ३३ सेकंदांत भरला तर सेकंदाला ६ लिटर. सक्शनवर एक व्हॅक्यूम गेज, डिलिव्हरीवर एक दाबाचा गेज. व्हॅक्यूम गेज पाऱ्याचे १५ इंच दाखवत असेल तर ते पाण्याचे ५.२ मीटर, विहिरीतले पाणी पंपाच्या मध्यरेषेखाली साडेतीन मीटरवर असेल, तर उरलेल्या १.७ मीटरमधून वेगाचे हेड वजा करून दीड मीटरहून थोडी जास्त घट सक्शनमध्ये होते आहे. जाळी काढून धुतली आणि आकडा उतरला, तर चोर सापडला. उतरला नाही, तर व्हॉल्व्हची जात पाहायची.

पुस्तकाची मांडणी पाण्याच्या वाटेने केली आहे: विहिरीच्या तळाच्या जाळीपासून फूट व्हॉल्व्ह, सक्शनचा बेंड, पंपाच्या तोंडाशी लावायचा एका बाजूने सपाट रिड्यूसर, मग डिलिव्हरी, लांब लाइन आणि शेवटी हौद किंवा ड्रिपर. एकामागोमाग एक जोडलेली दोन फिटिंग्ज एकमेकांची घट कशी बदलतात, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातले आकडे घेताना वाचकाने आधी आपल्या मांडणीत दोन फिटिंगच्या मध्ये किती व्यास सरळ पाइप आहे, हे टेपने मोजून घ्यावे. तक्ते शेवटी दिले आहेत. पहिले सोडवलेले उदाहरण ३० मीटर लाइनीचे आहे, दहा किलोमीटरचे नाही.